लंडनचे काळे धुके आणि फ्लूवरचा आळ

१९५२ सालच्या ५ डिसेंबरला, शुक्रवारी, लंडनवर जे धुके उतरले ते मंगळवारी, ९ तारखेला उठले. धुके त्या शहराला नवे नव्हते. परंतु या खेपेस थंड हवेवर उष्ण हवेचे झाकण बसले, वारा पडला आणि घरोघरच्या शेगड्यांचा व कारखान्यांच्या धुराड्यांचा धूर शहरावरच साचून राहिला. युद्धोत्तर ओढगस्तीत चांगला कोळसा परदेशी विकला जाई आणि घरच्यांच्या वाट्याला हलका येई, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात तो धूर शिरला व ऑपेराचा प्रयोग मध्येच बंद करावा लागला. प्रदर्शनासाठी आणलेली धष्टपुष्ट जनावरे धापा टाकीत मेली.

माणसांचा हिशेब मात्र पुढे लागला, आणि वादाचे मूळ त्या हिशेबात आहे. धुके विरले तरी मृत्युसंख्या पूर्वपदावर येईना. १९५३ च्या प्रारंभीचे महिने ती चढीच राहिली. १९५४ च्या सरकारी अहवालाने २० डिसेंबरपर्यंतचे सुमारे ४,००० जादा मृत्यू धुक्याच्या खाती मांडले, पुढचे इन्फ्लुएंझाच्या. त्या हिवाळ्यात फ्लू होता, हे खोटे नव्हे. पण कोळशावर ज्यांचा सारा संसार चालला होता, त्या राज्यकर्त्यांना हा आरोपी सोयीचा होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मिशेल बेल व डेव्हरा डेव्हिस या संशोधक विदुषींनी २००१ साली तो हिशेब पुन्हा तपासला व जादा मृत्यूंचा आकडा सुमारे १२,००० वर नेला. फ्लूवर एवढा भार टाकावयाचा तर साथ विलक्षण भयंकर असावयास हवी होती. तशी ती नव्हती, हे त्यांनी सहकाऱ्यासह २००४ मध्ये दाखवून दिले.

तथापि धूर की फ्लू, हा प्रश्नच काहीसा चुकीचा वाटतो. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसर कचरा बाहेर लोटीत असतात; धुराने ते दुबळे होतात. फुफ्फुसातील भक्षक पेशी काजळी गिळण्यात गुंततात आणि विषाणूंना वाट मोकळी सापडते. ज्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, त्या १९१८ च्या साथीत अमेरिकेतील अधिक कोळसा जाळणाऱ्या शहरांत मृत्यूही अधिक झाले, असे कॅरन क्ले व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखविले. पिट्सबर्ग त्यांत आघाडीवर होते.

धूळ स्वतः विषाणूची वाहक होते काय? माणसाचा फ्लू-विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्येच, मिल हिल येथे, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या साहाय्याने प्रथम वेगळा करण्यात आला. २०२० मध्ये अमेरिकेत गिनीपिगांच्या अंगाला विषाणू लावून प्रयोग झाले. हे प्राणी स्वतः रोगमुक्त होते. तरी त्यांच्या अंगावरून उडालेल्या धुळीने शेजारच्या पिंजऱ्यातील काहींना फ्लू जडला. पिंजऱ्यातील धूळ म्हणजे शहरावरचा धूर नव्हे, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

लंडनमध्ये १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला. त्या काळ्या दिवसांत दगावलेल्या काही रोग्यांच्या फुफ्फुसांचे तुकडे जपून ठेवलेले होते. २००३ मध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काजळीचे व धातूंचे कण अर्धशतकानंतरही तेथेच होते.