चूक सांभाळून घेणारे आयर्न

गोल्फमध्ये फेअरवेवरून ग्रीनकडे बॉल मारण्यासाठी धातूच्या चपट्या हेडचे जे क्लब वापरतात ते आयर्न. त्यांतल्या काहींच्या हेडमधले वजन मुद्दाम अशा बेताने वाटलेले असते, की बॉल मुखाच्या, म्हणजे बॉलला भिडणाऱ्या पृष्ठभागाच्या, मध्यावर लागला नाही तरी अंतर आणि दिशा फार बिघडत नाही. मध्यम आणि जास्त हँडिकॅपच्या खेळाडूंसाठी बनणारे हे आयर्न दुकानात ‘गेम इम्प्रूव्हमेंट’ आणि ‘सुपर गेम इम्प्रूव्हमेंट’ या नावांनी मिळतात. पातळ, भरीव पाठीचे ‘ब्लेड’ हा याच्या अगदी उलट प्रकार.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत. जानेवारी २०२० पासून जगभरासाठी एकच पद्धत लागू होत गेली. तिच्यात शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्या धरतात आणि सवलतीची कमाल मर्यादा ५४ आहे. त्यामुळे हँडिकॅप हा चांगल्या दिवसाचा आकडा असतो, सरासरीचा नव्हे. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या, मैदानावर २० हँडिकॅपचा खेळाडू एरवी नव्वदीच्या मध्यावर फिरत असतो. साधारण १० ते २० मध्यम आणि त्यापुढे जास्त, अशी बोलण्यातली वाटणी आहे. नियमांत ती नाही. आयर्न निवडताना या आकड्यापेक्षा चूक कोणत्या जातीची होते हे पाहणे अधिक उपयोगाचे. दोघांचाही हँडिकॅप १८ असेल, पण एकाचा क्लब बॉलच्या आधी जमिनीत रुततो आणि दुसऱ्याचा बॉल दरवेळी मुखाच्या बाहेरच्या टोकाला लागतो. या दोघांना एकच सेट सुचवणारा विक्रेता त्यांतल्या एकाचे नुकसान करतो.

घडण : हेडचे शाफ्टकडचे, म्हणजे दांड्याकडचे, टोक ते हील आणि बाहेरचे टोक ते टो. हेडचा गुरुत्वमध्य ज्या बिंदूच्या बरोबर मागे येतो तो मुखावरचा बिंदू म्हणजे स्वीट स्पॉट. बॉल आणि मुख यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात बॉल टोकडे लागला तर हेड त्या बाजूला मागे वळते, बॉलला मिळायचा वेग कमी होतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल उजवीकडे निघतो. हातांना झिणझिण्या येतात त्यातही या वळण्याचा वाटा असतो. भरलेली कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाला गर्रकन वळता येत नाही, कारण वजन दोन टोकांना असते. तेच वजन पोटाशी धरले तर तो सहज वळतो. हेडचेही तसेच आहे. मधला धातू काढून तो टो, हील आणि तळाकडे नेला की हेड पिळण्याला विरोध करते. भौतिकशास्त्रात याला जडत्वाघूर्ण म्हणतात. सात नंबरच्या आयर्नचे हेड साधारण २७० ग्रॅमचे असते आणि त्यात फारशी वाढ करता येत नाही, म्हणून सगळी कारागिरी आहे त्या ग्रॅमांची जागा बदलण्यात आहे. पाठ पोकळ ठेवलेला ‘कॅव्हिटी बॅक’ हा तिचा जुना आणि आजही भरवशाचा मार्ग. आता टोच्या कोपऱ्यात टंगस्टनही बसवतात. टंगस्टनची घनता १९.३ आणि पोलादाची सुमारे ७.८, म्हणजे थोड्या जागेत बरेच वजन बसते.

आडव्या चुकीपेक्षा उभी चूक नवशिक्याला जास्त महागात पडते, पण जाहिरातींत तिच्याबद्दल कमी बोलले जाते. बॉलचा व्यास किमान ४२.६७ मिमी, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून २१ मिमीवर. मुखाला ३० अंशांचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, असेल आणि खालची कड जमिनीला टेकलेली असेल, तर बॉल मुखाला भेटतो तो जमिनीपासून जेमतेम ११ मिमी उंचीवर. स्वीट स्पॉट त्याहून बराच वर असेल तर जो फटका डोळ्यांना ठीक वाटतो तोसुद्धा मुखाच्या खालच्या भागावर लागलेला असतो. चांगला खेळाडू क्लब खाली येत असतानाच बॉलला भिडतो, त्यामुळे त्याचा स्पर्श मुखावर वर सरकतो. ज्याला ते साधत नाही त्याच्यासाठी गुरुत्वमध्यच खाली आणावा लागतो. रुंद तळाचे आणि बुटक्या मुखाचे आयर्न हेच काम करतात. बॉल पातळ, म्हणजे मुखाच्या खालच्या कडेजवळ, लागणाऱ्या खेळाडूला टंगस्टनपेक्षा या खाली आणलेल्या वजनाचा फायदा लवकर कळतो.

तळ आणि जमीन : आपल्याकडे सर्वांत कमी विचार होतो तो तळाचा, आणि माझ्या मते निवडीची पहिली कसोटी तीच असायला हवी. हेडच्या तळाचा मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा जेवढ्या अंशांनी खाली उतरलेला असतो तो बाउन्स. क्लब बॉलच्या मागे टेकला तर रुंद, बाउन्सचा तळ रुतत नाही, घसरत पुढे जातो आणि फटका थोडाफार वाचतो. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या मैदानांवर गवत दाट आणि खालची माती मऊ असते, तिथे असा तळ मोठा आधार देतो. एप्रिल-मे महिन्यांत तीच जमीन तापून टणक होते. मग रुंद तळ आपटून उसळतो, पुढची कड बॉलच्या पोटावर येते आणि बॉल जमिनीलगत सूं करत निघून जातो.

धुळे जिल्ह्यातला शिंदखेडा तालुका तापीकाठचा, काळ्या जमिनीचा आणि बेताच्या पावसाचा. तिथून नोकरी-धंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेला आणि तिकडे गोल्फ शिकलेला माणूस सुटीत गावच्या शाळेच्या मैदानावर हात मोकळा करू लागला, तर त्याला हा फरक एका दुपारीच कळेल. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि वरचा थर दगडासारखा होतो. पहिल्या पावसानंतर तीच माती क्लबला लोण्यासारखी चिकटते. दोन्ही टोकांना चालणारा तळ म्हणजे मध्यम रुंदीचा आणि मागची कड घासून गोल केलेला. सुपर गेम इम्प्रूव्हमेंटचा सर्वांत जाड तळ त्यात बसत नाही. अशा कोरड्या जमिनीवर पूर्ण ताकदीचे फटके मारूही नयेत, क्लबची कड आणि मनगट दोन्ही दुखावतात. छोटे चिप आणि पिच तिथे पुरेसे आहेत.

सरावाच्या रेंजवरची आणि दुकानातली कृत्रिम चटई याबाबत दिशाभूल करते. बॉलच्या दोन इंच मागे टेकलेला क्लब चटईवर घसरतो आणि फटका नीट बसल्यासारखा वाटतो; खऱ्या गवतावर तोच फटका निम्म्या अंतरावर पडला असता. रुंद तळाचा आयर्न चटईवर तर जवळपास प्रत्येकालाच आवडतो. म्हणून पैसे मोजण्याआधी तो क्लब गवतावर मारून पाहण्याचा आग्रह धरावा.

लॉफ्ट : जुन्या सेटमध्ये सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश किंवा त्याहून जास्त असे. आजच्या बऱ्याच गेम इम्प्रूव्हमेंट सेटमध्ये तो २८ ते ३० अंश असतो. दोन लागोपाठच्या आयर्नमध्ये साधारण ४ अंशांचे अंतर धरले, तर नव्या सातवर आकडा सातचा असला तरी काम सहाच्या आणि कधी पाचच्या जवळचे असते. नवा क्लब १५ यार्ड लांब जातो असे सांगितले जाते त्यात तंत्रज्ञानाइतकाच या आकड्यांचाही वाटा आहे. यात फसवणूक आहे असे नाही. गुरुत्वमध्य खाली आणल्यावर बॉल आपोआप उंच जातो, ती जास्तीची उंची थोडा लॉफ्ट कमी करून अंतरात वळवलेली असते. पण हा हिशोब पुरेशा वेगाने क्लब फिरवणाऱ्यालाच लागू पडतो. साठीपुढचा खेळाडू, नुकतीच शिकू लागलेली स्त्री किंवा सावकाश स्विंगचा कोणीही २८ अंशांच्या सातने बॉल सहसा पुरेसा उंच नेऊ शकत नाही. बॉल ग्रीनवर टप्पा घेतो आणि ग्रीनच्या पलीकडे निघून जातो. उतरताना बॉलचा कोन ४५ अंशांच्या आसपास असला तर तो ग्रीनवर थांबतो. बॉलचा प्रवास मोजणाऱ्या लाँच मॉनिटरवर चाचणी घेताना अंतराच्या आकड्याआधी हा आकडा विचारावा. कमी लॉफ्टची दुसरी अडचण सेटच्या खालच्या टोकाला येते. पिचिंग वेज ४३ अंशांचा आणि जुना सँड वेज ५६ चा असेल तर मध्ये १३ अंशांची पोकळी राहते. ती भरायला ४९-५० अंशांचा आणखी एक वेज घ्यावा लागतो, आणि बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत. ही जागा वरच्या टोकाला सहज मिळते, कारण तीन आणि चार नंबरचे आयर्न या खेळाडूंनी बाळगूच नयेत. त्यांच्या जागी एक-दोन हायब्रिड घ्यावेत.

ऑफसेट, म्हणजे मुखाची कड शाफ्टच्या रेषेच्या थोडी मागे ठेवणे. याने मुख बंद व्हायला क्षणभर जास्त वेळ मिळतो आणि बॉल सतत उजवीकडे जाणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूला मदत होते. ज्याचा बॉल आधीच डावीकडे वळतो त्याने जास्त ऑफसेटपासून दूर राहावे. शाफ्टबद्दल थोडक्यात : स्टीलचा शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅमचा, ग्राफाइटचा ५० ते ८० ग्रॅमच्या आसपास. हलक्या शाफ्टने सांधे वाचतात आणि वेगही थोडा वाढतो. ग्राफाइट फक्त म्हाताऱ्यांचा ही समजूत सोडून द्यावी.

हे आयर्न काय सांभाळत नाहीत तेही स्पष्ट असावे. बॉल शाफ्टच्या खोबणीला लागला, म्हणजे शँक झाला, तर कोणतीही घडण उपयोगी पडत नाही. स्पर्शाच्या क्षणी मुख उजवीकडे उघडे असेल तर बॉल उजवीकडेच जाणार. चुकीच्या जागी लागलेल्या फटक्याची शिक्षा कमी होते, चुकीच्या दिशेने मारलेल्या फटक्याची होत नाही.

इतिहास : वजन कडांकडे नेण्याची कल्पना बाजारात रुजवली ती कार्स्टन सोल्हाइम यांनी. नॉर्वेत १९११ मध्ये जन्मलेले सोल्हाइम अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता होते. स्वतःच्या पटिंगला, म्हणजे ग्रीनवरून बॉल भोकात घालण्याच्या फटक्यांना, वैतागून त्यांनी १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये टो आणि हीलला वजन असलेला पटर बनवला. बॉलला लागताच होणाऱ्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ हे नाव मिळाले. हाच विचार त्यांनी आयर्नला लावला. १९६९ चे ओतीव पोलादाचे कार्स्टन वन आणि १९८२ चे आय टू हे त्यातले टप्पे. ठोकून घडवलेल्या हेडमध्ये पाठीला हवा तसा खळगा देणे अवघड होते, ओतकामात ते सोपे झाले. म्हणून या आयर्नचा इतिहास ओतशाळेपासून वेगळा काढता येत नाही.

भारतात हा खेळ याच्या बराच आधी आला. १८२९ मध्ये कोलकात्यात ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला गोल्फ क्लब निघाला आणि १८४२ मध्ये मुंबईत खेळाची सोय झाली. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्याचे मैदान जुने. खारघरला सिडकोने उभारलेल्या मैदानावर सभासद नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येते, आणि नवशिक्यासाठी ही फार मोठी सोय आहे. खानदेशच्या वाटेवर नाशिकला लागणारे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे, आता तिथे क्रिकेट चालते. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळल्यापासून मराठी घरांत या खेळाची विचारपूस वाढावी अशी अपेक्षा आहे.

निवडीची रीत : साध्या टाल्कम पावडरीने काम भागते. सात नंबरच्या मुखावर तिचा पातळ हात फिरवावा, बॉल मारावा आणि राहिलेली खूण पाहावी. पाच-सहा फटक्यांनंतर खुणा कुठे जमतात ते दिसते. आडव्या पसरल्या असतील तर टो-हीलला वजन असलेला कॅव्हिटी बॅक घ्यावा. मुखावरच्या खालच्या दोन-तीन खाचांवर जमत असतील तर गुरुत्वमध्य खाली असलेला आणि तळ जरा रुंद असलेला. सगळ्या एकाच जागी, पण टोकडे असतील तर दोष बहुधा क्लबच्या लांबीत किंवा उभे राहण्यात असतो. तिथे नवा सेट घेण्याआधी प्रशिक्षकाला दाखवावे. वर्षानुवर्षे शेजारी चालत शेकडो फटके पाहिलेला कॅडी हेच एका वाक्यात सांगतो, त्याचे जरूर ऐकावे.

यानंतर लाय पाहावा, म्हणजे शाफ्ट आणि जमीन यांमधला कोन. तळावर चिकटपट्टी लावून पातळ फळीवरून फटका मारला की घासल्याची खूण उमटते. खूण हीलकडे असेल तर टो वर उचललेला आहे आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जाईल. टोकडे असेल तर उलट. उंचीने कमी असलेल्या अनेक भारतीय खेळाडूंना तयार सेटमध्ये पहिला प्रकार आढळतो. काही हेड वाकवून दुरुस्त करता येतात. ओतीव पोलादाचे कठीण हेड फार वाकत नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

जुना सेट घेण्यात कमीपणा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला कॅव्हिटी बॅक आजही तेवढीच चूक सांभाळतो. मात्र खाचांवरून नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर त्या झिजल्या आहेत, आणि पावसाळी ओल्या गवतात बॉलला पुरेशी फिरकी मिळणार नाही. स्टीलच्या शाफ्टला हेडजवळ गंज आहे का, सगळ्या क्लबांचे शाफ्ट एकाच जातीचे आहेत का, तळावरची अक्षरे सुबक कोरलेली आहेत का हेही तपासावे, कारण नामांकित सेटच्या नकलाही बाजारात फिरतात. ग्रिप कडक झाल्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.