शिकागोचे मैदान: फुटबॉल, ग्रंथ आणि अणू

१/ शिकागो विद्यापीठाचे वर्ग १८९२ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी अमोस अलोंझो स्टॅग क्रीडाप्रशिक्षक म्हणून रुजू झाले. चार दशके त्यांनी अमेरिकन फुटबॉलचा संघ घडविला. १९०५ मध्ये या संघाने मिशिगनला २-० असे नमवून त्यांची ५६ सामन्यांची अपराजित मालिका खंडित केली.

२/ पुढे ‘हाइसमन ट्रॉफी’ म्हणून विख्यात झालेला सन्मान १९३५ मध्ये प्रथम मिळाला, तो याच विद्यापीठाच्या जे बरवँगर यांना.

३/ अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना मात्र विद्यापीठाची थोरवी प्रेक्षकांच्या गर्दीवर तोलली जाणे अमान्य होते. संघही दुबळा झाला होता. १९३९ मध्ये मिशिगनने ८५-० असा धुव्वा उडविला. त्याच डिसेंबरात फुटबॉल बंद झाला.

४/ ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिम प्रेक्षागाराखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी, एनरिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडविली. तिची एक वाट अणुबॉम्बकडे गेली.

५/ १९६९ मध्ये फुटबॉल परतला, पण जुना डामडौल परतला नाही. त्या मैदानाच्या जागी आज रेगेनस्टाइन ग्रंथालय उभे आहे. खेळ विद्यापीठासाठी की विद्यापीठ खेळासाठी, हा हचिन्स यांचा प्रश्न मात्र अमेरिकेत अजून सुटलेला नाही.