तुटक्या आरशाची बंदूक

गॅलिपोली हे नाव आपल्या शाळेच्या इतिहासात आलंच तर एका ओळीत येतं. पहिलं महायुद्ध, दार्दानेल्सची सामुद्रधुनी, दोस्तांची माघार, झालं. पस्तीस मिनिटांच्या तासात त्याहून जास्त बसतही नाही. पण आता घंटा वाजणार नाही, तेव्हा आज त्या एका ओळीतली एक बंदूक जरा निवांत बघू या.

बंदुकीचा दस्ता म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरातल्या निम्म्या मंडळींनी बंदूक फक्त बँकेच्या दारात पाहिली आहे. दस्ता म्हणजे मागचा लाकडी भाग. तो खांद्याला टेकवायचा, त्यावर गाल ठेवायचा. मग डोळा, जवळची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी एका रेषेत येतात. खांदा, गाल आणि हात या तिघांनी बंदूक धरून ठेवली की नेम हलत नाही. शेकडो वर्षं दस्त्याचा आकार बदलत गेला तो एवढ्यासाठीच. पण या व्यवस्थेत एक अडचण आहे. बंदूक बांधावर आली की मागोमाग डोकंही बांधावर येतं. ज्याला दिसतं, तो दिसतोही.

२५ एप्रिल १९१५ ला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची फौज गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिथल्या कड्यांना चिकटून बसली. बहुतेक उंच जागा तुर्कांकडे होत्या. क्विन्स पोस्ट नावाच्या ठिकाणी तर दोन्ही बाजूंच्या खंदकांत काही जागी जेमतेम दहा-पंधरा मीटर अंतर होतं. आपल्याकडच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्यांत असेल तेवढं म्हणा. तिथे डोकं वर काढणं म्हणजे मरणच. आरशाचे तुकडे लावून केलेल्या परिदर्शीतून बघायची सोय होती, पण नुसतं बघून शत्रूची गोळी थांबत नाही.

१९ मे रोजी तुर्कांनी सुमारे ४२ हजार माणसं घेऊन हल्ला केला. तो फसला. तुर्कांचे तीन हजारांच्या आसपास सैनिक मेले आणि दोन्ही खंदकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पडून राहिले. मे महिन्यातलं ऊन, त्यामुळे वास असह्य झाला. शेवटी २४ मे रोजी काही तासांचा तह करून दोन्हीकडच्या माणसांनी आपापली प्रेतं पुरली. त्या वेळी त्यांनी एकमेकांना सिगारेटी दिल्या. संध्याकाळी पुन्हा गोळीबार सुरू!

याच मे महिन्यात विल्यम बीच नावाच्या सैनिकाने आपली युक्ती काढली. तो ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या बटालियनमधला लान्स कॉर्पोरल होता. युद्धाआधी तो बांधकामावर मुकादम होता, आणि मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे. लाकूड कापून पुन्हा जोडता येतं हे ज्याच्या हाताला ठाऊक असतं, त्याला सरकारी बंदूक ही देवाची मूर्ती वाटत नाही. त्याने ली-एन्फील्ड बंदुकीचा दस्ता चक्क मधून कापला. नळीकडचा भाग वर आणि खांद्याकडचा भाग खाली, असे दोन तुकडे खोक्याच्या फळ्यांनी जोडले. वर खाचेमागे एक आरसा, खाली डोळ्यासमोर दुसरा. चापाला दोरी बांधली. आता बंदूक बांधावर आणि माणूस बांधाखाली!

यातलं शास्त्र सातवी-आठवीचं आहे. पंचेचाळीस अंशांत ठेवलेले दोन समांतर आरसे प्रकाशाला दोनदा वळवतात. मी मुलांकडून पुठ्ठ्याचे परिदर्शी करून घेत असे. आरशाचे तुकडे एक मुलगा वडिलांच्या सलूनमधून आणायचा. तेच आरसे, फक्त इथे त्यातून वर्गाबाहेरचं जांभळाचं झाड दिसत नव्हतं.

बीचची धडपड मेजर थॉमस ब्लेमी या अधिकाऱ्याच्या नजरेला पडली, हे त्याचं आणि इतर अनेकांचं नशीब. ब्लेमी पुढे ऑस्ट्रेलियाचा फील्ड मार्शल झाला. पण शिस्तीच्या फौजेत सरकारी बंदूक करवतीने कापणाऱ्याला रागावण्याऐवजी त्याला माणसं आणि सामान मिळवून देणं, हे त्याचं काम मला जास्त मोठं वाटतं. किनाऱ्यावर चौकटी बनवायचा छोटा कारखानाच उभा राहिला. आरसे कुठून आणायचे? किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या जहाजांच्या खोल्यांतून. दाढी करायचे आरसे युद्धावर गेले.

ही काही फार नेमबाज बंदूक नव्हती. दोन-तीनशे यार्डांपर्यंत बरी चाले. डोळा खाचेपासून लांब गेलेला, आरशात दिसणारं चित्र इवलंसं, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायला बंदूक खाली घ्यावी लागे. पण बांधावर टेकलेली असल्याने ती फारशी हलत नसे, आणि मुख्य म्हणजे चालवणाऱ्याला जिवाची भीती नसे. मरणाच्या भीतीने घाईघाईत झाडलेल्या गोळीपेक्षा आरशात बघून सावकाश झाडलेली गोळी अधिक बरोबर जाते. जूनमध्ये न्यूझीलंडच्या कर्नल मलोनने क्विन्स पोस्टचा ताबा घेतला, ती जागा झाडून-पुसून नीट लावली आणि नेमबाजांची घडी बसवली. समोरून येणारा मारा हळूहळू दबला. मलोन स्वतः ८ ऑगस्टला चुनुक बायरच्या टेकडीवर मारला गेला.

अशी युक्ती एकट्या बीचलाच सुचली असं नाही. फ्रान्सच्या खंदकांतही तशा चौकटी झाल्या. आणि गॅलिपोलीत आपलीही माणसं होती, शीख, गुरखे, डोंगरी तोफखान्याचे आणि खेचरांच्या तांड्यांचे जवान. तिकडच्या पुस्तकांत त्यांच्या खेचरांचं कौतुक जास्त सापडतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मला या बंदुकीचं कौतुक वाटतं आणि थोडं अंगावरही येतं. तहाच्या दिवशी ज्याने हातात सिगारेट दिली, तो आठवड्याभराने तळहाताएवढ्या आरशात एक टोपी म्हणून दिसणार. आपला चेहरा त्याला दिसणारच नाही. आमच्या बाजूची किती मुलं यामुळे वाचली हे तिकडच्या इतिहासात वाचायला मिळतं. त्या आरशापुढे बसलेली मुलंही कुणाचीतरी होती आणि ती आपल्याच देशात, आपल्याच टेकडीवर बसली होती.

डिसेंबरात दोस्तांनी निघून जायचं ठरवलं, तेही तुर्कांना कळू न देता. तेव्हा विल्यम स्करी नावाच्या आणखी एका ऑस्ट्रेलियन सैनिकाने दोन डबे घेतले. वरच्या डब्यातलं पाणी थेंब थेंब खालच्यात गळायचं, खालचा डबा जड झाला की चापाला बांधलेली दोरी ओढली जायची. आता खाली बसून आरशात बघणाराही नको. २० डिसेंबर १९१५ च्या पहाटे शेवटच्या होड्या किनाऱ्यावरून निघाल्या. वर रिकाम्या खंदकांतून त्या बंदुकांचे बार अजून काही वेळ निघत होते.