अवतरणचिन्ह कोणी द्यायचे?

जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज फारशी विरामचिन्हे नसत. ‘लीळाचरित्रा’त इतके संवाद आहेत, पण कोण बोलले हे ‘म्हणितले’सारख्या क्रियापदावरूनच ओळखायचे. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचे. पुढे अवतरणचिन्ह देणे हे लेखकाचे काम ठरले आणि ते गळले नाही ना, हे पाहणे आम्हा मुद्रितशोधकांचे. वेबवर मात्र ते यंत्राकडे सोपवायचे ठरले.

जानेवारी १९९७मध्ये ‘आरएफसी २०७०’ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात छोट्या अवतरणासाठी ‘क्यू’ हा टॅग, म्हणजे मजकुराला लावायची खूण, आला. डिसेंबरात तो वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या ४.० आवृत्तीत दाखल झाला. कल्पना उमदी होती. लेखकाने चिन्ह द्यायचेच नाही, वाक्य फक्त टॅगमध्ये ठेवायचे. फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, ज्या त्या भाषेच्या रीतीची चिन्हे ब्राउझर उमटवील. पण इंटरनेट एक्सप्लोररने २००९ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत ती उमटवलीच नाहीत. नियम पाळावा तर तिथे चिन्हे गायब, हाताने द्यावीत तर मोझिलासारख्या ब्राउझरवर दुबार!

मराठीत हे चिन्ह गळले की फार घोटाळा होतो. हे वाक्य पाहा: अध्यक्ष म्हणाले, काम पूर्ण झाले आहे, पैसेही मिळाले आहेत. पैसे मिळाल्याचे अध्यक्ष सांगताहेत की बातमीदार? इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना बहुधा काळ बदलतो, त्यावरून थोडा अंदाज येतो. मराठीत क्रियापद जसेच्या तसे राहते. अध्यक्षांचे बोलणे कुठे संपले, हे चिन्हाशिवाय कळायला मार्ग नाही.

आता प्रमुख ब्राउझर चिन्हे उमटवतात. तरीही मी तपासतो त्या पानांवर हा टॅग ठेवत नाही. ब्राउझरने उमटवलेले चिन्ह मूळ मजकुरात नसतेच. वाचक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवतो, तेव्हा ते सहसा मागेच राहते आणि अध्यक्षांचा दावा बातमीदाराच्या नावावर जातो. ज्याचे शब्द त्याच्या पदरात घालणे हा लेखनाचा पहिला प्रामाणिकपणा आहे. तो यंत्राच्या मर्जीवर सोडता येत नाही.

एचटीएमएल ५नेही २०१४ साली हा टॅग ऐच्छिक ठेवला आणि हाताने दिलेली चिन्हे तितकीच ग्राह्य मानली. तेव्हा वेबवर मराठी लिहिणाऱ्यांनो, अवतरणचिन्हे स्वतः टाइप करा, आणि उघडलेले चिन्ह बंद केले आहे ना, हे पान चढवण्यापूर्वी एकदा पाहा.