नांदेडचा सर्व्हर, सिकंदराबादची डिस्क

नांदेड-लातूरकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचा आमचा धंदा उभा राहिला तो नव्वदच्या दशकात, बँका आणि पतसंस्थांच्या जिवावर. तेव्हा शाखेचा सर्व्हर शाखेतच असायचा. त्यावर नॉव्हेलची नेटवेअर ही नेटवर्क प्रणाली, आणि सगळी खाती एकाच हार्ड डिस्कवर. संध्याकाळी डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाला की टेपवर नाहीतर फ्लॉपीवर बॅकअप काढायचा आणि तो तिजोरीत ठेवायचा. डिस्क गेली की कालच्या बॅकअपवरून सुरुवात आणि आजच्या सगळ्या स्लिपा पुन्हा टाइप. दोन डिस्कवर एकच माहिती लिहिण्याची सोय नेटवेअरमध्ये होती, पण संचालक मंडळाला ती पटवणे अवघड जाई. तीच माहिती दोनदा ठेवायला पैसे कशाला, हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे.

या प्रश्नाचे उत्तर 1988 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून आले होते. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी मांडले, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त छोट्या डिस्क एकत्र लावा, आणि त्यातली एखादी मरणारच हे धरूनच माहिती ठेवा. हेच रेड. समजा तीन डिस्कवर 4, 7 आणि 5 लिहिले, तर चौथीवर बेरीज 16 ठेवायची. 7 वाली डिस्क गेली तरी 16 मधून 4 आणि 5 वजा केले की 7 परत मिळतात. खरे गणित बेरजेचे नाही, आणि रेडच्या रेड-5 या प्रकारात ती बेरीज एका डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटलेली असते. पण हिशेब असाच चालतो. एक गेली तर काम चालू राहते. दोन गेल्या तर सगळे गेले.

दोन हजार सालानंतर असे सर्व्हर आमच्याकडे येऊ लागले आणि आमच्या धंद्याची खरी अडचण उघडी पडली. डिस्क बदलणे हे काही मिनिटांचे काम. बझर वाजत असतो, एका कॅडीवर, म्हणजे डिस्क बसवलेल्या सरकत्या खाचेवर, पिवळा दिवा असतो. स्क्रीनवरचा स्लॉट नंबर आणि समोरचा स्लॉट दोनदा ताडून पाहायचा, कारण चुकून चांगली डिस्क ओढली की खेळ खलास. खटका दाबायचा, कॅडी बोटभर बाहेर घ्यायची, आतली चकती थांबेपर्यंत हातातच धरायची. चार स्क्रू काढून नवी डिस्क बसवायची, कॅडी आत सारायची आणि खटका बसल्याचा आवाज ऐकायचा. मग रिबिल्डचा, म्हणजे गेलेली माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करण्याचा, आकडा एकेक टक्का चढत जातो. पण ही नवी डिस्क आणायची कुठून? सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून. 1948 पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानातच होतो. संस्थान गेले, पण नांदेडच्या बाजाराची ओढ तिकडची राहिली. फोन करायचा, पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकायला सांगायचे, नाहीतर देवगिरी एक्स्प्रेसने स्वतः जाऊन आणायचे. लातूरला पुण्याहून मागवणे सोयीचे पडे. एवढ्या वेळात तिकडे सर्व्हर उरलेल्या डिस्कवर लंगडत चाललेला.

या मधल्या वेळातच माणसे बुडाली. मराठवाड्यात ते दिवस तासन् तास लोडशेडिंगचे होते, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, यूपीएसच्या बॅटऱ्या खलास झालेल्या. वर्षानुवर्षे फिरत असलेली डिस्क एकदा बंद पडून थंड झाली की कधीकधी पुन्हा उठत नाही. शिवाय सगळ्या डिस्क एकदमच घेतलेल्या, एकाच वयाच्या, एकाच उकाड्यात राबलेल्या. एक गेली की दुसरीचीही वेळ जवळ आलेली असते. त्यात रिबिल्ड चालू असताना उरलेल्या प्रत्येक डिस्कला शेवटपर्यंत वाचून काढावे लागते, म्हणजे थकलेल्यांवर सर्वांत मोठा भार त्याच रात्री पडतो. लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत बझरचा त्रास होतो म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवला होता. पंधरवड्याने दुसरी डिस्क गेली तेव्हा बोलावणे आले. रोजचा बॅकअप 'रेड आहे ना' म्हणून कधीच थांबला होता. खातेदारांची पासबुके गोळा करून शिल्लक जुळवली गेली. शेतमजुरांच्या, भाजीवाल्या बायांच्या पिग्मीचे, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचे, पैसे होते ते. त्यांनी पासबुके जपली म्हणून संस्था तरली, हे मी आजही तळमळीने सांगतो.

2011 च्या पावसाळ्यात थायलंडला पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि किमती दुपटीवर गेल्या. त्या वर्षी नवी डिस्क घ्यायला कुणी तयार होईना, जुनीच लावा म्हणत.

पुढे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती ठिकाणी ठेवणारे कोअर बँकिंग आले आणि शाखांतले सर्व्हर गेले. सातबाराही तालुक्याच्या सर्व्हरवरून राज्याच्या डेटा सेंटरमध्ये गेला. 1 मे 2018 पासून तो डिजिटल सहीने मिळू लागला. आमचे काम आता दवाखान्यांचे एक्स-रे, लातूरच्या क्लासेसचे व्हिडिओ आणि सीसीटीव्ही एवढ्यावर आले आहे. डिस्क मोठ्या झाल्या, रिबिल्डला दिवसही लागतो, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी तगणारे रेड-6 मी सगळ्यांना सुचवतो.

ज्यांच्याकडे असा सर्व्हर आहे त्यांना माझी विनंती आहे: त्याच मापाची एक डिस्क आजच विकत घेऊन कपाटात ठेवा, आणि रोजचा बॅकअप सर्व्हरपासून दूर, दुसऱ्या इमारतीत ठेवा. बझर वाजला तर आधी फोन करा, मग तो बंद करा.