उमेदवारी आणि परीक्षा

पेशवाईच्या अखेरीपर्यंत, आणि खरे पाहता इंग्रजी अंमलाचीही पहिली कैक वर्षे, आपल्याकडे कारकुनीसाठी परीक्षा म्हणून काही स्वतंत्र विधी नव्हता. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी होई. वतन असले म्हणजे व्यवसाय निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आणि ज्या लिहित्या घरास वतन नव्हते, त्या घरचा मुलगा कोणा अव्वल कारकुनाच्या ओळखीने कचेरीत उमेदवार म्हणून बसविला जाई. उमेदवारास वेतन नसे, जागा रिकामी होईल तेव्हा होईल, तोवर पडेल ते काम करावयाचे आणि वरिष्ठांच्या नजरेत राहावयाचे, एवढाच करार.

हे पडेल ते काम म्हणजे प्रारंभी नकला. मोडीचा कागद लिहावयाचा तर आधी बोरू नीट तासून घ्यावा लागे. मग कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून त्या रेघेखाली, हात शक्य तो न उचलता, अक्षरास अक्षर जोडीत जावयाचे, आणि ओल्या शाईवर वाळू टाकून कागद झटकावयाचा. रुजवातीच्या, म्हणजे नक्कल अस्सलाशी ताडून पाहण्याच्या, वेळी एकजण अस्सल वाचीत असता दुसऱ्याने नकलेवर दृष्टी ठेवावयाची. कोठे रक्कम चुकली, कोठे नाव गळाले, हे तेथल्या तेथे उघडे पडे. पुढे जमाखर्च आणि तेरीज, आणि त्यासाठी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी इतकी जिभेवर की गावच्या आकाराचा हिशोब कागदावाचून व्हावा. पण सर्वांत मोठा मान अक्षराचा: समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस वाहिला आहे. आणि बाळाजी आवजींचे वळणदार अक्षर पाहून शिवाजीमहाराजांनी त्यांस चिटणिशी दिली, ही परंपरेने सांगितलेली कथा खरी धरा अथवा न धरा, ती इतकी वर्षे आवडीने सांगितली गेली यातच त्या काळाची कसोटी कोणती होती हे येते.

या पद्धतीचा एक गुण निःसंशय होता: परीक्षा आणि काम या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या, आणि उमेदवार कचेरीस पारखीत असतानाच कचेरीही त्यास पारखीत असे. ज्यास बैठक जमत नाही तो आपण होऊन शेतीकडे वा सावकारीकडे वळे. परंतु तिची स्तुती करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. बिनपगारी दोन-चार वर्षे काढावयाची तर घरी दाणे असावे लागतात. आणि ओळखीवाचून कचेरीच्या ओटीवर पाय ठेवता येत नसेल, तर ओळख ज्या जातीत असेल त्याच जातीत चाकरी राहते. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेऱ्यांवर जे कोरडे ओढले आहेत, ते या बंद दाराकडे पाहूनच.

परीक्षेची कल्पना आली ती वरून. मेकॉलेच्या समितीने १८५४ साली शिफारस केली आणि पुढील वर्षी लंडनमध्ये सनदी नोकरीची स्पर्धा-परीक्षा सुरू झाली. इकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, आणि लवकरच मॅट्रिकचा दाखला हा कचेरीचा परवाना ठरला. १८६९ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर सनदी परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु बॅनर्जी व ठाकूर या दोघांची निवड वयाच्या मुद्द्यावर रद्द करण्यात आली, कारण चालू वर्ष धरून वय सांगण्याची आपली रीत लंडनच्या दप्तरास ठाऊक नव्हती. पुढे दोघांनाही परत घेण्यात आले. कागदावर अढळ श्रद्धा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा हा पहिला मासला.

दुसरा मासला अरविंद घोषांचा. लेखी परीक्षा उत्तम गुणांनी दिल्यावर, उमेदवारीची दोन वर्षे संपत आली असता, घोड्यावर बसण्याच्या परीक्षेस ते हजरच झाले नाहीत आणि नोकरीस मुकले. सयाजीराव गायकवाडांनी त्यांस १८९३ मध्ये बडोद्यास घेतले आणि पाहणी-जमाबंदी, महसूल, सचिवालय अशी खाती फिरविली; अखेर ते महाविद्यालयात अध्यापक म्हणून स्थिरावले. हेही जुन्या उमेदवारीचेच एक रूप, फरक इतकाच की येथे पगार होता.

दार खरोखर रुंद केले ते कोल्हापुरात. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने शाहू छत्रपतींनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. माझ्या मते हा हुकूम लंडनच्या साऱ्या प्रश्नपत्रिकांहून मोठा, कारण कोणास परीक्षेस बसू द्यावयाचे हा प्रश्न कोणास उत्तीर्ण करावयाचे याच्या आधीचा आहे. १९३७ मध्ये मुंबई-सिंध लोकसेवा आयोग आला, महाराष्ट्र राज्याबरोबर १९६० साली आपला स्वतंत्र आयोग आला, आणि ओटीवरची बिनपगारी उमेदवारी हळूहळू नाहीशी झाली. ती गेली हे योग्यच झाले.

मात्र तिच्याबरोबर कचेरी आतून पाहण्याची संधीही गेली. आज जो तरुण प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पाठ करीत बसला आहे, त्यास एवढीच विनंती की अर्ज भरण्यापूर्वी ओळखीच्या एखाद्या तलाठ्याच्या वा कारकुनाच्या शेजारी आठवडाभर बसावे, टिपण कसे लिहितात, दाखल्यासाठी आलेल्या माणसाशी कसे बोलतात हे पाहावे, आणि मगच त्या जागेसाठी वर्षे घालावयाची की नाही हे ठरवावे.