सराफ्यातील शिलिंग

जबलपूरच्या सराफ्यात नाणे आले की त्याचा पहिला न्याय तराजू करतो. ही रीत जुनी आहे. १७९८ साली जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती गेले. त्या काळी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. त्यांतील चांदी पारखून बट्टा ठरविणे हे सराफाचे नित्याचे काम असे. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपया नेमका एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा ठरला, आणि हळूहळू ही पारख मागे पडली.

जुन्या पेटीतून एखादा शिलिंग निघाला की मात्र ती पुन्हा आठवावी लागते. नाव एकच, पण कस प्रत्येक देशाचा व प्रत्येक काळाचा वेगळा. ब्रिटनचा शिलिंग सुमारे ५.६५ ग्रॅमचा. १९१९ पर्यंत त्यात शेकडा साडेब्याण्णव भाग चांदी होती. महायुद्धाने चांदी महागली, तेव्हा १९२० पासून ती निम्म्यावर आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून घेतलेली चांदी परत करावयाची होती, म्हणून १९४७ पासून शिलिंग तांबे व निकेल यांचा झाला. ऑस्ट्रेलियाने साडेब्याण्णवचा कस १९४५ पर्यंत राखला. दक्षिण आफ्रिकेने १९२३ पासून १९५० पर्यंत ऐंशीचा.

पूर्व आफ्रिकेचे नाणे तर सर्वांत फसवे. तेथे पूर्वी हिंदी रुपयाच चाले. १९२१ साली तेथे शिलिंग आला. सिंह आणि डोंगर यांची छाप असलेला हा शिलिंग सुमारे ७.८ ग्रॅमचा, म्हणजे ब्रिटिश शिलिंगाहून जड. पण १९४६ पर्यंतच्या नाण्यात चांदी अवघी पाव हिस्सा. जड नाण्यात दोन ग्रॅमांहून कमी चांदी, आणि १९१९ च्या हलक्या ब्रिटिश नाण्यात पाच ग्रॅमांहून अधिक! म्हणून काट्याआधी देश आणि साल वाचावे.

हे झाले धातूचे मोल. संग्राहकाचे मोल निराळे असते. ते सालाच्या दुर्मिळतेवर आणि छापेच्या स्पष्टतेवर ठरते. चिंच लावून घासलेले नाणे चकाकते. पण त्यावरील बारीक रेषा झिजतात आणि किंमतही उतरते.

तिसरे मोल इतिहासाचे. १८७७ पासून हिंदुस्थानच्या रुपयावर व्हिक्टोरिया सम्राज्ञी म्हणून मिरवू लागली. ब्रिटनच्या शिलिंगावर मात्र 'इंड इम्प', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, ही लॅटिन अक्षरे १८९३ साली उमटली. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या टांकसाळी लोकांच्या चांदीची नाणी पाडून देण्यास बंद झाल्या. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी १९४८ च्या ब्रिटिश शिलिंगावर ती अक्षरे आहेतच; १९४९ च्या नाण्यावर ती नाहीत.

१९४८ च्या त्या शिलिंगात चांदीचा कणही नाही. सराफाचा तराजू त्याला मोडीतही घेणार नाही. परंतु संपलेल्या साम्राज्याची पदवी वर्षभर अधिक वागविणारे ते नाणे, पेटीतील चांदीच्या रुपयाइतकेच जपून ठेवण्याजोगे आहे. रुपया मुशीत गेला तरी चांदी उरते. अक्षरे गेली की मागे काही उरत नाही.